हळद लागलेलं पांढरं

माहेर-सासर मिळून आमच्या गोतावळ्यात तीसेक माणसं असतील, पण मी नोकरीत नेमकं काय करत होते ते त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. ‘वत्सला प्रिंटिंगमध्ये आहे’ एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कुठे लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर आधी माझ्याकडे येतो. मी आयुष्यात एकही पत्रिका छापलेली नाही. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये सगळ्यात लहान काम चार फुटांचं असायचं. दुकानांवरच्या पाट्या, हॉस्पिटलच्या भिंतीवरचे फलक, बसच्या अंगाला चिकटवायच्या जाहिराती, असलं सगळं. माझा हुद्दा प्रॉडक्शन मॅनेजर. गिऱ्हाईक मालकावर ओरडतं, मालक मॅनेजरवर ओरडतो आणि मॅनेजर मशीनवर ओरडते, असा त्या हुद्द्याचा अर्थ. मशीनला कान नसतात म्हणून धंदा चालतो.

या अंकाच्या संपादकांनी बजावलंय, पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत लिहू नका, लोक झोपतात. म्हणून एकच प्रकरण लिहिते, सॉफ्टवेअर निवडण्याचं. ऐकायला नीरस वाटेल. पण त्यात माझी फजिती झाली, एका माणसाची जागा जाता जाता राहिली आणि मी मालकांच्या तोंडावर खोटं बोलले. आता निवृत्त बाईला कोण काय करणार!

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगते. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरवर चित्र आहे, बटण दाबलं की छापून बाहेर. घरच्या प्रिंटरचं तसं असेल. आमचं मशीन साडेदहा फूट रुंद आणि त्याच्या पोटात शाया चारच, निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, आमचा शाईचा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या म्हैसूरपाकाच्या फोटोतला तो तुपाळ रंग फ्लेक्सवर आणायचा तर कुठल्या शाईचे किती थेंब कुठे टाकायचे, हे कोणीतरी मशीनला सांगावं लागतं. ते सांगणारा दुभाषा म्हणजे हे सॉफ्टवेअर. आमच्या धंद्यात त्याला रिप म्हणतात. लहानमोठी कामं एका रोलवर दाटीवाटीने बसवायची, भिंतीएवढं चित्र असलं तर त्याच्या जुळणाऱ्या पट्ट्या पाडायच्या, ही कामंही त्याचीच. दुभाषा चांगला असला तर तो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वाईट असला तर म्हैसूरपाकाचा साबण होतो.

आमचा दुभाषा मशीनबरोबर फुकट आलेला होता आणि दुसरा घ्यायचं नाव मालक काढत नव्हते. मालक म्हणजे नंजुंडप्पा. त्यांनी आयुष्याची सुरुवात लेथवर केलेली. जे पायावर पडलं तर लागतं तेच खरं, असं त्यांचं ठाम मत. सॉफ्टवेअरला ते ‘गाळी’ म्हणायचे. गाळी म्हणजे कानडीत वारा.

“अक्का, मशीन घेतलं ते घेतलं. आता वारापण विकत घ्यायचा?” असं म्हणून विषय संपवायचे.

आणि खरं सांगायचं तर आमचं अडतही नव्हतं, कारण आमच्याकडे चेलुवण्णा होते. फ्लेक्स यायच्या आधी त्यांनी तीस वर्षं हाताने बोर्ड रंगवलेले. फ्लेक्सने त्यांचा ब्रश गेला, पण डोळा राहिला आणि नंजुंडप्पांनी तो डोळा कामावर ठेवला. आमची पद्धत अशी होती की कुठलंही काम छापायला घेतलं की आधी वीतभर पट्टी छापायची. ती घेऊन ऑपरेटर मंजुनाथ चेलुवण्णांकडे जायचा. चेलुवण्णा ती पट्टी शेडच्या दारात न्यायचे, डावा डोळा मिटायचे आणि दिवसाच्या उजेडात बघत राहायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांनी एकही रंग कधी पास केला नाही. ट्यूब खोटं बोलते म्हणायचे. मग निकाल यायचा, “निळा स्वल्प कमी कर. चेहरा आजारी दिसतोय.” मंजुनाथ निळा कमी करायचा, पुन्हा पट्टी, पुन्हा दार. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ‘सरी इदे’, म्हणजे बरोबर आहे, असं आलं की मशीन धावायला मोकळं.

आमचं पटत नसे. मी घाईची आणि ते सावकाश. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी ते त्यालाच “जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय” म्हणायचे. पण त्यांचा रंग चुकलेला मी पाहिला नाही, हेही लिहून टाकते.

एकदा ते मुलीकडे मंड्याला बारा दिवस राहिले. त्या बारा दिवसांत आम्ही एका मिलिटरी हॉटेलच्या, म्हणजे इकडच्या मटणाच्या खाणावळीच्या, मालकाचा फलक छापला. गृहस्थांची मिशी परिसरात प्रसिद्ध होती आणि फलकावर तीच सहा फूट हवी होती. चित्र दोन पट्ट्यांत छापलं. जोडून लावल्यावर असं दिसलं की डावी मिशी चार बोटं वर आहे, उजवी खाली, आणि चेहऱ्याचा अर्धा भाग गव्हाळ तर अर्धा वांग्याच्या रंगाचा. गृहस्थ बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एनम्मा, माझ्या मिशीला लिफ्ट लावलीत का?”

त्या दिवशी मी नंजुंडप्पांना स्पष्ट सांगितलं की एका माणसाच्या डोळ्यावर अख्खी शेड चालवता येत नाही, त्यालाही सुट्टी लागते. सॉफ्टवेअर घ्या. मिशीवाल्यांनी तोवर त्यांनाही दोन शब्द सुनावलेले होते, त्यामुळे ते ‘नुसतं बघू’ इथवर आले.

पहिलं सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या माणसाने चाचणीची प्रत बसवून दिली. चाचणीची प्रत म्हणजे पैसे भरेपर्यंत ती प्रत्येक छपाईवर आडवा ‘डेमो’ असा शब्द उमटवते. एका लेडीज टेलरची पाटी आम्ही नमुन्यादाखल तिच्यावर छापली. नेमका टेलर तेव्हाच आला आणि त्याला ती फार आवडली. ते आडवं अक्षरसुद्धा राहू द्या म्हणाला, फॉरेनचं वाटतं. त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला आणि तो थोडा नाराजच होऊन गेला. शिवाय ते सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने इंटरनेटवरून आपल्या कंपनीची परवानगी मागायचं. पीण्यात रस्ता खणणारे आठवड्यातून एकदा तरी केबल तोडतात. केबल तुटली की हे महाशय अर्ध्या पाटीवर हात जोडून उभे. त्याला निरोप दिला.

दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर अनिकेत आला. पुण्याचा, चोवीस-पंचविशीचा इंजिनियर, बेंगळूरला येऊन तीन महिने झालेले. त्याचं ऑफिस बोम्मसंद्रात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तो यायचा तेव्हा निम्मा दिवस संपलेला असायचा. “स्वल्प टेक रे, कॉफी सांगते,” असं मी म्हटल्यावर तो उडालाच.

“मॅम, तुम्ही मराठी आहात? तुमचं मराठी किती क्यूट आहे!”

आमच्या घरात शेकडो वर्षं मराठीत कानडी मुरलंय, त्याला तो क्यूट म्हणत होता. मला कशावरूनही क्यूट म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. मी त्याला दोन वडे जास्त मागवले.

त्याच्या सॉफ्टवेअरबरोबर एक उपकरण होतं, मुठीत मावेल एवढं. त्याच्या खाली एक पांढरीशुभ्र चिनीमातीची चकती, आणि ते तिच्यावरच बसून असायचं. अनिकेतने समजावलं की आधी हे उपकरण त्या चकतीकडे बघतं आणि पांढरं म्हणजे काय ते मनाशी पक्कं करतं. मग आमच्या मशीनने छापलेले रंगांचे शेकडो चौकोन ते एकेक करून वाचतं. कुठे काय चुकतंय ते सॉफ्टवेअरला कळतं, आणि पुढे प्रत्येक काम ते स्वतःच दुरुस्त करून पाठवतं.

“म्हणजे हे रंग बघतं?” नंजुंडप्पांनी ते उचलून हातावर तोललं. पायावर पडलं तर लागलं असतं, त्यामुळे त्यांना ते आवडलं.

“हां सर, आंख से भी बेहतर,” अनिकेत उत्साहाने म्हणाला.

“मग चेलुवण्णांची काय गरज? वय झालंय त्यांचं. हे जमलं तर पुढच्या महिन्यापासून आराम करू देत.”

चेलुवण्णा दारातच पट्टी बघत उभे होते. त्यांनी ऐकलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं की मी सॉफ्टवेअर मागितलं ते अण्णा सुट्टीवर असतानाच्या सोयीसाठी, त्यांना काढायला नाही. त्यांची बायको गेल्यापासून ही शेड हेच त्यांचं घर होतं, हे मला माहीत होतं. पण मालकांचं मन मोठ्या मुश्किलीने वळलेलं. आता मध्ये बोललं तर पुन्हा वाऱ्यावरची वरात, म्हणून मी गप्प बसले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, तो इथून.

मधे आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी कारखान्यात चालतं-फिरतं सगळं पूजतात. मशीनला झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरला गंध, मालकांच्या गाडीच्या चाकाखाली लिंबं, दारात कोहळा फोडायचा. हळदीकुंकू लावायचं काम दरवर्षी माझं आणि मी त्यात कोणाला वगळत नाही. स्टेपलरलासुद्धा बोट लावते. अनिकेतने चाचणी पुरी होईपर्यंत ते उपकरण आमच्याकडे ठेवलेलं. पाहुणं असलं म्हणून काय झालं? मी त्यालाही हळदीकुंकू लावलं. उपकरण उचललं तर खाली ती पांढरी चकती. मला वाटलं, देव पाटावर बसतो तसा हा त्याचा पाट. म्हणून पाटालाही हळदीचं एक बोट लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने सगळं स्वच्छ पुसून ठेवलं, परक्याची वस्तू म्हणून.

सोमवारी सॉफ्टवेअरचा निकाल लावणारं काम होतं. डॉक्टर भार्गवी नावाच्या दंतवैद्य बाईंच्या दवाखान्याचा फलक. त्यावर एक हसरा चेहरा, म्हणजे खरं तर नुसतं हसू, नऊ फुटांचं. एकेक दात विटेएवढा. अनिकेतने सकाळपासून रंगांचे चौकोन छापले, वाचले, सॉफ्टवेअरला शिकवलं आणि हसू छापायला लावलं. पडद्यावर सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. हिरवं म्हणजे रंग बरोबर.

मंजुनाथने सवयीप्रमाणे पट्टी चेलुवण्णांकडे नेली. ते दारात गेले, डोळा मिटला, आणि परत आले.

“हल्लु हळदी आगिदे,” ते म्हणाले. दात पिवळे झालेत.

अनिकेतने पडद्याकडे बोट दाखवलं. सगळं हिरवं. नंजुंडप्पा हसले आणि त्यांनी कानडीतली म्हण ऐकवली, काविळीच्या डोळ्याला दिसेल ते पिवळं. आपल्यातही तेच म्हणतात. चेलुवण्णांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, म्हातारा जागा वाचवायला धडपडतोय. पट्टी मी ट्यूबच्या उजेडात बघितली होती.

तेवढ्यात डॉक्टर भार्गवीच आल्या. त्यांनी फलकाचा उलगडलेला भाग पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“हे माझ्याकडे यायच्या आधीचे दात आहेत का?” त्या म्हणाल्या. “नंतरचे छापायचे होते.”

अनिकेतने उपकरण उचललं. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा हिरवं. मग फ्लेक्सला दोष दिला, मग शाईला, मग बेंगळूरच्या हवेला. त्याची ही इथली पहिलीच विक्री होती आणि साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते.

चेलुवण्णा इतका वेळ उभेच होते. त्यांनी विचारलं, “या यंत्राला पांढरं कोण शिकवतं?”

अनिकेतने चकती पुढे केली. चेलुवण्णांनी ती दारात नेली. कोऱ्या कागदाचं नवं बंडल फोडून त्यातला एक कागद काढला, चकती त्यावर ठेवली आणि डोळा मिटला. मग चकती नाकाशी नेली.

“ई बिळी, बिळी अल्ल,” ते म्हणाले. हे पांढरं, पांढरं नाही. “अरिशिना.” हळद.

आम्ही सगळे दारात जमलो. कागदाशेजारी ठेवल्यावर मलाही दिसलं. माझ्या पुसण्याने हळद गेली नव्हती, पसरली होती. अख्ख्या चकतीवर साय धरल्यासारखी पिवळसर झाक. अनिकेतने कपाळाला हात लावला आणि उलगडून सांगितलं. उपकरणाने पिवळ्यालाच पांढरं मानलं. पिवळ्याला पांढरं समजणाऱ्याला खरं पांढरं निळसर दिसणार. मग ते निळेपण मारायला सॉफ्टवेअरने जिथे तिथे पिवळी शाई टाकली. कावीळ खरंच झाली होती, पण अण्णांना नव्हे, यंत्राला.

नंजुंडप्पांनी चेलुवण्णांकडे रोखून बघितलं. “अण्णा, हळद तुम्ही लावलीत? यंत्र नको होतं, तर तोंडाने सांगायचं.”

“नानु अल्ल,” चेलुवण्णा म्हणाले. मी नाही. एवढंच.

माझ्या हातात कॉफीचा पेला होता. चार लोकांत मी सांगायला हवं होतं की हळद माझी. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला? पण डॉक्टरीणबाई समोर, मालक तापलेले, आणि वर्षानुवर्षं ‘अक्का कधी चुकत नाही’ अशी माझी ख्याती. मी कॉफीचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. तो पेला संपेपर्यंत तो माणूस न केलेल्या गुन्ह्याखाली उभा होता आणि मी फुंकर मारून कॉफी पीत होते. मला आजही लाज वाटते ती त्या हळदीची नाही, त्या कॉफीची.

पेला खाली ठेवला आणि बोलले. “सर, हळद मी लावली. पूजेत. पाट समजून.”

 मग पहिल्या हसल्या डॉक्टर भार्गवी, त्यांच्यामागे मंजुनाथ, आणि शेवटी नंजुंडप्पासुद्धा. “स्टेपलरलापण लावते ती,” त्यांनी डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं. चेलुवण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चकती अनिकेतच्या हातात दिली.

अनिकेतने चकती स्पिरिटने धुतली, कागदाशेजारी ठेवून अण्णांकडून पांढरी असल्याची खात्री करून घेतली, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दुपारी चारला नवी पट्टी निघाली. मंजुनाथ ती घेऊन दारात गेला. आम्ही सगळे आत उभे.

आता इथे जरा थांबून सांगते. त्या क्षणी चेलुवण्णा “अजून पिवळं आहे” म्हणाले असते तर? नुकतंच त्यांनी यंत्राला खोटं पाडलेलं. सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, सॉफ्टवेअर परत गेलं असतं आणि त्यांची जागा राहिली असती. त्यांना हे कळत होतं. मला वाटतं, अनिकेतलाही कळत होतं, कारण तो नखं खात होता. चेलुवण्णांनी पट्टी या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. इतका वेळ त्यांनी कुठल्याच पट्टीला दिला नव्हता.

“सरी इदे,” ते म्हणाले. आणि पुढे, “माझ्यापेक्षा बरं केलंय. मला चार फेऱ्या लागल्या असत्या.”

नंजुंडप्पांनी टाळी वाजवली. “आयतु! झालं, घेऊन टाका. अण्णा, तुम्ही पुढच्या महिन्यापासून खुशाल आराम करा.”

मला वाटलं होतं, एवढं पाहिल्यावर तरी ते तसं म्हणणार नाहीत. पण लेथवर वाढलेला माणूस. काम झालं की हत्यार खाली ठेवायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर ते आणखी अवघड. आता मात्र माझ्या हातात कॉफी नव्हती.

अनिकेतने सकाळी मला सॉफ्टवेअरमधल्या बारीकसारीक सोयी दाखवल्या होत्या. त्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात खूण केली की प्रत्येक काम पट्टी छापून थांबतं आणि नेमलेल्या माणसाने आपला पासवर्ड घालून मंजुरी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्यांना हवी त्यांनी वापरावी, अशी सोय.

“सर,” मी अनिकेतलाही कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, “पण याला एक नियम आहे. मंजुरी देणारा माणूस नेमावा लागतो. तो डिझाइनवाला चालत नाही, ऑपरेटर चालत नाही. तिसराच लागतो. त्याशिवाय हे चालतच नाही. हो ना अनिकेत?”

अनिकेत भाबडा. “नाही मॅम, म्हणजे ते ऑप्शनल…”

मी त्याच्याकडे वळले आणि हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हटलं, “अनिकेता, नंजुंडप्पांना मराठी कळत नाही. तो ऑप्शनल शब्द पुन्हा काढलास तर तुझी पेटी उचलून तुला बोम्मसंद्रापर्यंत चालत पाठवीन. या म्हाताऱ्याने आज तुझी नोकरी वाचवली. आता तू त्याची वाचव.”

पोरगं पुण्याचं असलं तरी शहाणं निघालं. “हां सर,” तो नंजुंडप्पांना म्हणाला, “कंपल्सरी है. इंटरनॅशनल स्टँडर्ड.”

इंटरनॅशनलपुढे नंजुंडप्पांचं काही चाललं नाही. वाऱ्यालाही पहारेकरी लागतो तर, असं पुटपुटत त्यांनी चेलुवण्णांचं नाव घालायला सांगितलं. पुढे या धंद्यातले कितीतरी लोक मला विचारायला आले की तुम्ही हेच का निवडलंत. मी त्यांना वेग, रंग, पट्ट्यांची जुळणी यांवर चांगली अर्धा अर्धा तास भाषणं दिली. खरं कारण ती चौकट होती, पण ते कुठल्या माहितीपत्रकात छापण्यासारखं नव्हतं.

चेलुवण्णांना दारापाशी खुर्ची आणि कॉम्प्युटर मिळाला. पट्टी यायची, ते उजेडात बघायचे, मग खुर्चीत बसून एका बोटाने पासवर्डाची एकेक कळ शोधून दाबायचे. माझ्या केबिनच्या काचेतून ते दिसायचं. मी रोज बघायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. अशी सहा-सात वर्षं गेली.

माझ्या निवृत्तीच्या दोनेक महिने आधी अनिकेत नवी आवृत्ती बसवायला आला. आता तो साहेब झालेला, पण त्या दिवशी हौसेने स्वतः आला. कॉम्प्युटरवर बसला आणि थोड्या वेळाने त्याने मला हळूच बोलावलं.

“मॅम, ती चौकट तुम्ही काढलीत का? मंजुरीची खूण बंद आहे. गेल्या दसऱ्यापासून.” सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. त्याने ती दाखवली. नाव चेलुवण्णांचं होतं.

अनिकेत गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले. “अण्णा, ती खूण तुम्ही काढलीत?”

“मीच काढलो की,” ते म्हणाले.

मराठीत म्हणाले. मी तिथल्या स्टुलावर बसलेच. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी मराठीचं अक्षर ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला मराठी येतं?”

“चिकपेटेत बारा वर्षं मराठी लोकांच्या दुकानांचे बोर्ड रंगवलो. बोलायला जमत नाही नीट. कळतंय मात्र सगळं. त्या दिवशी तू त्या पोराला दम दिलीस, ते पण कळालं.”

मी त्यांच्यादेखत बहिणीशी फोनवर काय काय बोलले होते ते सगळं एकदम आठवलं. म्हातारा, हट्टी, एक पट्टी बघायला मुहूर्त काढतो.

“मग इतकी वर्षं गप्प का बसलात?”

“तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ते मी कशाला मोडू?”

“आणि आता मोडलंत ते?”

ते मशीनकडे बघत होते. “बघायचं होतं. पोरं थांबतात ते त्या चौकटीसाठी, की माझ्यासाठी. मंजुनाथला सांगून टाकलो, आता कुलूप नाही, पाहिजे तर दाब. सगळ्यांना सांगितलो.”

“मग?”

“वर्ष होत आलं. एकजण पण मला न दाखवता दाबला नाही.”

माझे डोळे भरून आले आणि मला ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी जरा करड्या आवाजात विचारलं, “कुलूप नव्हतं तर मग रोज एका बोटाने पासवर्ड कसला घालत होतात?”

“ते होय?” चेलुवण्णा म्हणाले. “ते तुझ्यासाठी. तू काचेतून बघत असायचीस. तुला बरं वाटायचं.”